मधली पेटी

थोरलीला घरात 'पोचपावती' म्हणत. हे नाव धाकट्यानं ठेवलं होतं आणि ते उगाच ठेवलं नव्हतं. लहानपणी तिला भाजी आणायला पाठवलं की ती भाजी आणायची, ओट्यावर ठेवायची आणि ज्यानं सांगितलं त्याला घरभर शोधून 'आणली हं' म्हणून सांगायची. आत्याकडे निरोप घेऊन गेली की परत येऊन 'आत्याला निरोप दिला, ती बरं म्हणाली' हा दुसरा निरोप ठरलेला. धाकटा म्हणायचा, हिला देवानं वर बोलावलं तरी ही आधी खाली येऊन सांगून जाईल, पोचले हं नीट. पुढे तिला नोकरीही अशीच मिळाली, जिथं पोचपावतीशिवाय पान हलत नाही. एका मोठ्या रुग्णालयातल्या संगणकांचं जाळं ती सांभाळायची.

त्या जाळ्यावर तिचा जीव होता. लोकांना वाटतं, संगणकानं पाठवलेली गोष्ट अख्खीच्या अख्खी तारेतून सुळ्ळकन पलीकडे जाते. तसं काही नसतं. आधी तिचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक पडतो, आतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज होते आणि ती बेरीजही सोबत जाते. पलीकडचं यंत्र तुकडा हातात आला की तीच बेरीज स्वतः करून बघतं. जुळली तर 'मिळाला' अशी पावती परत येते. नाही जुळली तर ते तुकडा मुकाट्यानं फेकून देतं. इकडचं यंत्र पावतीची वाट बघत असतं, ती वेळेत आली नाही की तोच तुकडा पुन्हा पाठवतं. तुकडे मागेपुढे पोचले तर क्रमांक बघून ओळीत लावायचे, एकच दोनदा आला तर एक ठेवायचा. यात कोणी कोणावर रागावत नाही, 'एकदा सांगितलेलं कळत नाही का' असं कोणी खेकसत नाही.

वाटेत गडबड होणारच, हे आधीच कबूल करून बसलेली ही व्यवस्था. म्हणून तर ती चालते. थोरली हसून म्हणायची, आमच्या घराचं बरोब्बर उलटं आहे. आमच्याकडे सगळ्यांचा सगळ्यांवर भरवसा आणि कोणाचा कोणाला पत्ता नाही. बोलताना तिला स्वतःलाही कल्पना नव्हती की ती किती खरं बोलतेय.

घराच्या मागच्या अंगाला बाबांचा लाकडी सामानाचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, दोन यंत्रं, भिंतीवर ओळीनं लावलेल्या पटाश्या आणि सगळीकडे भुसा. धाकटा तिथंच शिकला, तिथंच बाबांच्या हाताखाली काम करू लागला. हात चांगला होता त्याचा. बाप-लेकाचं पटायचंही, म्हणजे दोघं दिवसभर एकमेकांशी एक अक्षर न बोलता काम करू शकायचे. मग ते कपाट आलं. एका गिऱ्हाइकाचं मोठं, काचेच्या दारांचं कपाट, धाकट्यानं एकट्यानं केलेलं पहिलं काम. गिऱ्हाईक ते न्यायला आलं आणि एक दार लागेना. पिळलं होतं. बाबांनी गिऱ्हाइकासमोर दार उतरवलं, सांध्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे माझ्या हातचं काम नाही." एवढंच म्हणाले. धाकट्यानं अंगातला ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि त्याच आठवड्यात लांबच्या शहरात एका फर्निचरच्या कंपनीत लागला.

त्यानंतर बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायची गरजच पडली नाही, कारण आई होती. धाकट्याचा फोन रोज आईला यायचा. बाबांना फोन नावाच्या वस्तूचाच तिटकारा, त्यामुळे 'त्यांच्या हातात रंधा आहे रे' हे आईचं उत्तर दर वेळी पटण्यासारखं असायचं. मग इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे तीच करायची. लोक पराचा कावळा करतात. आई कावळ्याचा पर करायची. बाबा जेवताना काही तिरकं बोलले की दुसऱ्या दिवशी ते धाकट्याच्या कानात मऊ होऊन उतरायचं, आणि धाकटा तिकडून तणतणला की बाबांच्या ताटाशी त्यातलं फक्त 'तुमची आठवण काढत होता' एवढंच पोचायचं. घर शांत होतं आणि या शांततेचं श्रेय आपलं आहे, हे आईला माहीत होतं. बाकी कोणाला नव्हतं.

एकदा मावसबहिणीच्या लग्नात बाप-लेक समोरासमोर आले. थोरलीला धडकी भरली. पण दोघंही एकमेकांकडे बघून हसले, मोठ्या मनाच्या माणसांसारखे, आणि आपापल्या बाजूला निघून गेले. दोघांचं हसू अगदी सारखं होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

अशात आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूंवर गाठ होती, साधी निघाली, पण डॉक्टरांनी तंबी दिली की काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आईला ही शिक्षा जड गेली. थोरली मदतीला घरी राहायला आली आणि येताना मुलांची असते तसली पांढरी पाटी आणि पेन घेऊन आली. आई पाटीवर लिहायची, पुसायची, परत लिहायची. रोजचा धाकट्याचा फोन आता थोरलीनं घ्यायचा, आईनं लिहून द्यायचं आणि तिनं वाचून दाखवायचं, असं ठरलं. मध्ये बसायची पाळी आता तिच्यावर आली, पण कामच ते असल्यानं तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात रुग्णालयात एक भानगड झाली. सकाळी सकाळी वॉर्डमधल्या सिस्टरचा फोन आला. सिस्टर जुन्या होत्या, आवाज चढवायच्या नाहीत, म्हणूनच त्यांच्या फोनला सगळे टरकून असायचे.

"बाई, तुमच्या स्क्रीनवर माझ्या पेशंटचं पोटॅशियम सात पूर्णांक नऊ आलंय," त्या म्हणाल्या. "रक्तात एवढं पोटॅशियम असलेल्या माणसाचं हृदय बंद पडायच्या बेतात असतं. माझा पेशंट बसून बिस्किटं खातोय. आणखी आहेत का, विचारतोय."

डॉक्टर उपचार सुरू करायला निघालेच होते, सिस्टरनी त्यांना थांबवलं होतं. रक्त पुन्हा तपासलं, तीन पूर्णांक नऊ निघालं. प्रयोगशाळेतलं यंत्र उघडून बघितलं तर पहिल्या खेपेलाही तिथं तीन पूर्णांक नऊच होतं. म्हणजे तीन निघाला आणि वाटेत कुठंतरी त्याचा सात झाला.

थोरलीचे साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना वायरीतलं फारसं कळत नसे, पण दिव्यांचे रंग चांगले कळत. "सगळे दिवे हिरवे आहेत," ते म्हणाले.

"हो ना. तोच तर त्रास आहे," ती म्हणाली.

तिनं दिवसभर तारा तपासल्या. प्रयोगशाळेपासून मधल्या पेटीपर्यंत एकही तुकडा बिघडला नव्हता. पेटीपासून वॉर्डपर्यंतही नाही. प्रत्येक ठिकाणी बेरीज जुळली होती, प्रत्येक तुकड्याची पावती जागच्या जागी होती. मग तिनं त्या पेटीकडे नीट बघितलं. ही पेटी म्हणजे दुभाषी. प्रयोगशाळेचं यंत्र एक भाषा बोलतं, वॉर्डातला स्क्रीन दुसरी, तेव्हा पेटी इकडून आलेला मजकूर उघडायची, बेरीज जुळवून बघायची, 'मिळाला' म्हणून पावती द्यायची, मजकूर क्षणभर आपल्या डोक्यात ठेवायची आणि दुसऱ्या भाषेत मांडून पुढे पाठवायची. तिच्या त्या डोक्यातच बिघाड होता. यंत्रांच्या लिपीत तीन आणि सात यांच्यात एकाच खुणेचा फरक असतो. ती एक खूण उलटली आणि पेटीनं त्या सातावर, मोठ्या काळजीनं, नवी कोरी बेरीज करून जोडली. वॉर्डानं बेरीज केली, ती जुळलीच.

"म्हणजे चूक तारेत नव्हती," साहेब म्हणाले.

"तारांवर लक्ष ठेवायला माणसं आहेत. पेटीच्या पोटात कोण बघणार? तिनं पावती दिली की पाठवणारा निर्धास्त, आणि तिचा शिक्का दिसला की घेणारा निर्धास्त."

"मग आता?"

"आता बेरीज प्रयोगशाळेनं करायची आणि थेट वॉर्डानं तपासायची. पेटीनं तिला हात लावायचा नाही. आणि पावती वॉर्डानं प्रयोगशाळेला द्यायची, पेटीला नाही. ज्याला मिळालं त्यानं, ज्यानं पाठवलं त्याला सांगायचं."

साहेबांनी मान डोलावली आणि पेटी बदलायच्या कागदावर सही केली. थोरली दमून पण खुशीत घरी आली.

उन्हं उतरायला लागली होती. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाटी घेऊन तयारच बसली होती आणि आज तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. तिनं पाटी पुढे सरकवली. वर लिहिलं होतं, 'त्याला सांग, बाबा म्हणाले, आता माझ्याच्यानं होत नाही. कारखाना तुझाच आहे. ये आणि सांभाळ.'

थोरलीनं दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोला. धाकटा गेली कित्येक वर्षं एकच सांगत होता, बाबा स्वतःहून म्हणाले तर येईन. तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला आणि शब्द न शब्द वाचून दाखवला.

"बाबा असं म्हणाले? स्वतः?" धाकट्यानं विचारलं.

"आईनं लिहून दिलंय."

"ताई, मला हे लोक शाखेचा प्रमुख करतायत. उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं. आता नको म्हणून सांगतो. राजीनामाच देतो." तो घाईघाईनं बोलत होता. "तसं बाबांनी आपली चूक तर केव्हाच कबूल केली होती. पण हे म्हणतील असं वाटलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर आईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि पाटी स्वच्छ पुसली.

इथं दुसरं कोणी असतं तर गोष्ट संपली असती. पण ही पडली पोचपावती. ज्याचा निरोप त्याला 'दिला' म्हणून सांगितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. ती उठली आणि मागच्या दारानं कारखान्यात गेली. एवढ्या वर्षांत धाकट्याकडे काय पोचलं, हे बाबांना कोणी परत येऊन कधी सांगितलं नव्हतं.

बाबा एका फळीवर रंधा मारत होते. ती दारातून म्हणाली, "बाबा, तुमचा निरोप दिला त्याला."

रंधा थांबला. "कसला निरोप?"

"कारखान्याचा. की आता तुमच्याच्यानं होत नाही, त्यानं येऊन सांभाळावा."

"मी मेलोय का?" बाबा म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही असं कोण म्हणतं? ही फळी काय आपोआप साफ होतेय?" त्यांनी रंधा आडवा ठेवला. "आणि सांभाळायला आधी माणसानं तोंड तर दाखवावं. चूक कबूल केली त्यानं, मी मनात काही ठेवलं नाही. माफ केलं. पण येऊन भेटला का एकदा तरी?"

थोरली फळ्यांच्या ढिगावर बसली. "त्यानं चूक कबूल केली? कोणती?"

"सांध्याची. सांधा चुकला होता, बाबांचं बरोबर होतं, असं म्हणाला."

"कोणाला म्हणाला?"

"तुझ्या आईला."

आणि धाकट्याला कोणी सांगितलं होतं, की बाबांनी आपली चूक कबूल केली? थोरलीला हे विचारायची गरज नव्हती. तिला ते लग्नातलं हसू आठवलं. दोघांनीही एकमेकांना माफ केलं होतं. दोघंही आपापल्या जागी जिंकले होते, आणि जिंकलेला माणूस कशाला कोणाच्या दारात जाईल? दोघंही दुसरा कधी येतो याची वाट बघत बसले होते. एकदा कडकडून भांडले असते तर आठवड्यात मिटलं असतं. आईनं भांडण होऊ दिलं नाही, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं. आणि उद्या सकाळी धाकटा, बाबा कधी बोललेच नाहीत अशा एका वाक्यावर, हातातली नोकरी सोडणार होता.

ती घरात आली तेव्हा आई काठीसारखी ताठ बसली होती. मागचं दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू आलं होतं. थोरलीनं खुर्ची ओढली.

"आई, बाबा असं म्हणाले नव्हते."

आईनं लिहिलं, 'तोंडानं नाही. मनात आहे.'

"तू मनातलं वाचतेस?"

'संसार केलाय,' आईनं लिहिलं, आणि खाली एक रेघ ओढली.

थोरलीला राग आला आणि रागातच हसूही आलं. "आणि चूक कबूल केल्याचं? ते दोघांच्याही मनात होतं का?"

आईनं जरा विचार केला. 'थोडं थोडं होतं.'

"आई, तो उद्या राजीनामा देतोय. इथं येईल. पहिल्याच दिवशी बाबा म्हणतील, मी असं काही बोललो नव्हतो. मग तो परत जाईल, आणि या खेपेला जायला तिकडे काही उरलेलं नसेल. पोरंबाळं आहेत त्याला."

आई पेन हातात धरून बसली. पाटी कोरीच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास उतरत गेला आणि थोरलीला तिची फार कीव आली. आजवर ज्याच्या जिवावर घर चाललं असं तिला वाटत होतं, तेच कोणीतरी तिच्या हातातून काढून घेत होतं.

थोरलीनं धाकट्याला सगळं सांगायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला. सांगणार काय? बाबा म्हणाले, मी मेलोय का, हे तसंच्या तसं सांगायचं? तिच्या डोक्यात आत्ताच ते वाक्य 'बाबांना अजून वेळ हवाय' असं होऊन तयार झालं होतं. तिनंही ते मऊ केलं होतं, जिभेवर येण्याआधीच. वाईट हेतूनं माणूस मध्ये बसला असता तर बरं होतं, तो सापडला तरी असता. ती पुन्हा कारखान्यात गेली.

"बाबा, आत चला. त्याला फोन लावते, तुम्ही बोला."

"मला फोन आवडत नाही."

"माहीत आहे. गोड बोलू नका, समजूत काढू नका. तुम्ही काय म्हणालात आणि काय नाही म्हणालात, एवढंच त्याला सांगा. नाहीतर तो उद्या नोकरी सोडेल."

बाबांनी हातावरचा भुसा झटकला. नोकरीचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला होता. ते आत आले आणि आईच्या समोर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. थोरलीनं स्पीकर लावून फोन मध्ये ठेवला.

"ताई?" धाकट्याचा आवाज आला.

"मी आहे," बाबा म्हणाले.

मग धाकटा म्हणाला, "कसे आहात?"

"आहे." बाबांनी घसा साफ केला. "हे बघ. कारखाना सांभाळ, असं मी म्हणालो नाही."

"आई म्हणाली..."

"मी म्हणालो नाही."

थोरलीनं टेबलाची कड धरली. "बरं," धाकटा म्हणाला. "मग गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं, आपलं चुकलं, हे तरी म्हणाला होतात की नाही?"

"मी? तू म्हणाला होतास, सांधा चुकला म्हणून."

"मी कशाला म्हणेन? सांधा चुकलाच नव्हता."

"दार पिळलं होतं. मी या डोळ्यांनी बघितलं."

"पिळलं ते लाकडामुळं. सांध्यात केस घालायला जागा नव्हती, बाबा. लाकूड ओलं होतं. मुरलेलं नव्हतं."

"ओलं होतं तर बसवलंस कशाला?"

"तारीख चुकवायची नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"ओलं आहे हे मला कुठं माहीत होतं? मी त्या आठवड्यात रोज बाहेरच्या कामावर. मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दार बसवायच्या आदल्या दिवशी. तुम्ही उशिरा यायचात, मी झोपलेला असायचो. म्हणून निरोप ठेवला होता, लाकूड मुरलेलं नाही, दार आठवडाभर थांबवू का, विचार. सकाळी उत्तर मिळालं, बाबा म्हणाले, बसव." पुढचं बोलायला त्याला जड जात होतं. "आईला सांगितलं होतं."

बाबांनी मान वर केली नाही. त्यांना ती रात्र आठवत असावी. दमून आलेला माणूस ताटावर बसतो आणि विचारतो, दार झालं का? आणि त्याला उत्तर मिळतं, होतंय, तुम्ही आधी जेवून घ्या. एवढंच. दमलेल्या माणसाचं जेवण कडू होऊ नये, यापलीकडे त्यात काही नव्हतं. थोरलीनं आईकडे बघितलं. आईचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच.

"राजीनामा देऊ नकोस," बाबा फोनकडे बघत म्हणाले. "त्यांच्याकडे थोडी मुदत माग. सुट्टी काढून ये. ते दार आहे अजून, माळ्यावर."

"टाकलं नाहीत?"

"नाही. दोघं मिळून उतरवू आणि सांधा उघडून बघू."

"आणि सांधा चुकलेला निघाला तर?"

"तर तुझ्या तोंडावर सांगीन."

"आणि नाही निघाला तर?"

बाबांनी टेबलावरचा भुशाचा एक कण बोटानं उचलला. "तर तेही तुझ्या तोंडावर सांगीन. गिऱ्हाइकाला बोलावून सांगीन, जिवंत असलं तर."

धाकटा हसला की काय ते कळलं नाही. "आणि कारखान्याचं?" त्यानं विचारलं.

"ते मी अजून म्हणालेलो नाही," बाबा म्हणाले.

इतक्यात आई लिहायला लागली होती. ती भराभरा लिहीत होती, अक्षर वाकडंतिकडं होत होतं. लिहून झाल्यावर तिनं पाटी थोरलीकडे दिली नाही, बाबांच्या पुढ्यात सरकवली आणि फोनकडे बोट दाखवलं. थोरलीनं शेजारून वाचलं. 'त्याला सांगा, दोष माझा आहे. त्याचा निरोप मी तुम्हाला दिलाच नव्हता. तुमचं उत्तर मीच रचलं. तो माझ्यामुळे घरातून गेला. असंच्या असं सांगा.'

बाबांनी पाटी वाचली. एकदा वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली. मग फोन उचलला, स्पीकर कुठं बंद होतो ते जरा शोधून बंद केला आणि फोन कानाला लावला. आई त्यांच्याकडे बघत होती, दोन्ही हात टेबलावर ठेवून.

"आई विचारतेय, जेवलास का," बाबा म्हणाले.

ते ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि फोन तसाच कानाला ठेवून आईला म्हणाले, "हो म्हणतोय. आणि म्हणतोय, आईला म्हणावं, मला सगळं समजलं, मनाला लावून घेऊ नकोस. घशाला जप."

आईनं पाटी ओढून छातीशी घेतली आणि रडायला लागली, आवाज न करता.

थोरली हातभर अंतरावर बसली होती. फोनमधून तिला एक शब्दही ऐकू आला नव्हता. पलीकडून काय आलं, की काहीच आलं नाही, हे तिनं बाबांना विचारलं नाही.